मंगळवारपासून

नाकोऊची दाढ कधीपासून दुखते
हे तान्ना बेटावर कुणालाही विचारा.
वादळात चर्चचं छप्पर उडालं, त्या साली
भाजलेली अळकुडी चावताना त्यानं पहिल्यांदा गाल धरला.
मग मिठाचं पाणी, मग कुणा म्हातारीनं वाटून दिलेला पाला,
आणि रात्री ज्वालामुखी गुरगुरला
की दाढही ओ द्यायची, म्हणतो.

अर्ज मी भरला होता.
पोर्ट विलाच्या कचेरीत, पंख्याखाली,
एका हातानं कागद दाबून धरत.
क्षय? नाही.
मधुमेह? नाही.
दातांची तक्रार?
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी रांगेकडे.
मागे अठ्ठावीस माणसं, आणि खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं.
मी ‘नाही’वर खूण केली.
विम्याशिवाय व्हिसा नाही,
व्हिसाशिवाय न्यूझीलंडची सफरचंदं नाहीत,
आणि त्याच्या घराचं सिमेंट तर
त्या न तोडलेल्या सफरचंदांच्या जिवावर
आधीच उधार आलेलं.

हेस्टिंग्जला हप्ता पगारातूनच कापतात,
घरभाडं आणि व्हॅनच्या मधल्या ओळीत.
पहिल्या चिठ्ठीवर बोट ठेवून कापालूनं विचारलं,
“हे कशाचे?”
“आजारी पडलास तर.”
“आणि नाही पडलो तर परत देतात?”
सगळे हसले. मीही हसले.
उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

पुस्तिका मी वाचली एका रविवारी,
बावीस जणांचा भात शिजेपर्यंत.
शिडीवरून पडलात, तर ते सरकारचं दुसरं खातं बघेल.
मेलात, तर पेटी विमानानं घरी,
रक्कम आकड्यात, आणि अक्षरातही.
दात: वेदना अचानक उद्भवली असेल तर.
आधीपासूनची असेल तर नाही.
‘अचानक’ हा शब्द ठळक होता.
भात खाली लागला.

तिसऱ्या आठवड्यात तो अर्ध्याच भरल्या पिशवीनिशी
शिडीवरून उतरला.
गालाच्या जागी गालच नव्हता, एक तापलेला गोटा होता,
आणि डोळा त्याच्यामागे बुडत चाललेला.

डेंटिस्ट तरुण होती. निळे हातमोजे,
पडद्यावर एक रकाना उघडा.
“कधीपासून दुखतंय?”
मी नाकोऊला विचारलं.
त्यानं सांगितलं. नीट, वेळ घेऊन,
सुजल्या तोंडातून एकेक शब्द सोडवत:
छप्पर, अळकुडी, म्हातारीचा पाला,
तेव्हा थोरली पोटात होती,
आता ती शाळेत जाते, तिचे दुधाचे दातही पडले.

मी भाषांतर केलं:
“मंगळवारपासून.”

तिनं माझ्याकडे पाहिलं.
आमची भाषा तिला येत नव्हती,
पण बोलण्याची लांबी कुणालाही कळते.
मग तिनं दिवा ओढला, दाढेत डोकावली.
तिथं सगळी सालं असणारच,
खोडात असतात तशी, एकात एक.
बराच वेळ डोकावली.
आणि हातमोजा काढून टाइप केलं:
मंगळवार.

परतताना व्हॅनमध्ये, तोंडात कापसाचा बोळा,
मुठीत कागदात गुंडाळलेली दाढ,
त्यानं बोबडं विचारलं,
“एवढं सगळं तू एवढ्यात कसं सांगितलंस?”
“इंग्रजी आखूड असते,” मी म्हटलं.
त्याला ते पटलं.
खिडकीबाहेर झाडं रांगेनं मागे जात होती,
प्रत्येकाला नंबर.

शुक्रवारी चिठ्ठीत ती ओळ होतीच.
कापालू काही बोलला नाही.
रात्री मात्र माझ्या दाराशी आला,
चौकटीला धरून, उजवा पाय जरा उचललेला.
गुडघा, म्हणाला.
“कधीपासून?”

“ते तू सांग,” तो म्हणाला.